मिरवणुकीचें जुनें छायाचित्र

जुन्या घराच्या माळ्यावरची पेटी उघडली, म्हणजे दागिन्यांच्या रिकाम्या डब्या, जमाखर्चाच्या वह्या आणि वाळवीनें कडा खाल्लेलीं पुठ्ठ्यावरचीं छायाचित्रें बहुधा एकत्रच बाहेर येतात. त्यांतलीं घरच्या माणसांचीं चित्रें ओळखणारें कोणीतरी असतें. आजोबांची पगडी आणि आत्याबाईंची नथ चटकन ओळखूं येते. परंतु एखाद्या मिरवणुकीचें चित्र हातीं लागलें, कीं घरांत वाद सुरू होतो. एकाला तो दसरा वाटतो, दुसऱ्याला बादशहाच्या राज्यारोहणाचा सोहळा, तिसऱ्याला स्वातंत्र्यदिनाची फेरी. शेवटीं जो सर्वांत मोठ्यानें बोलतो, त्याचें मत चित्राच्या पाठीवर लिहिलें जातें आणि पुढच्या पिढीला तोच पुरावा होतो.

गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्लीसारख्या गांवीं हा वाद अधिकच बिकट होतो. गांव माडिया गोंडांच्या मुलखांत. नैर्ऋत्येस अहेरी, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्यांतील सर्वांत मोठ्या जमीनदारीचें ठाणें. त्याच्याहि पलीकडे सिरोंच्याच्या बाजूस तेलुगु बोलणारी वस्ती. पूर्वेस बस्तरचें रान. शिवाय जंगलखात्याचे रखवालदार, पोलीस, शाळामास्तर आणि बाजारकरी व्यापारी हे बाहेरून आलेले. एवढ्या निरनिराळ्या चालींचे लोक ज्या एका रस्त्यावरून जातात, त्या रस्त्याच्या चित्रांत कोण कोणासाठीं नटला आहे, हें सांगणें सोपें नाहीं.

कल्पनेनें असें एक चित्र समोर धरावें. धुळीचा रुंद रस्ता, दोन्ही बाजूंस झाडें. मध्यभागीं चार माणसांच्या खांद्यावर पालखीसारखें कांहींतरी. तें किंचित् अस्पष्ट आलेलें आहे. त्याच्या पुढें एक माणूस उंच वेळूला बांधलेली चवरी धरून चालला आहे. भोंवतीं दहाबारा पुरुष, खांद्यावर कुऱ्हाडी, कांहींच्या डोक्याला मोरपिसांचे तुरे. कडेला छातीवर आडवा पट्टा व त्यावर बिल्ला असलेला एक पट्टेवाला, त्याच्या शेजारीं टोप्या घातलेलीं शाळेचीं मुलें. आणि पाठीवर पेन्सिलीनें लिहिलेलें: “राजेसाहेबांची दसऱ्याची स्वारी, एटापल्ली, जि. गडचिरोली.” असें चित्र पाहून कोणाहि सुशिक्षित गृहस्थाला तो मजकूर पटेल. पालखी आहे, चवरी आहे, शस्त्रें आहेत, पट्टेवाला आहे. मग दसऱ्याच्या स्वारीला आणखी काय पाहिजे? अहेरीच्या राजघराण्याची दसऱ्याची पालखी प्रसिद्ध आहे आणि ती परंपरा अद्याप चालू आहे. तेव्हां चित्राला नांव देणाऱ्यानें कांहीं वेडेपणा केला असें नव्हे. तरीहि तें नांव तपासून पाहाण्याजोगें आहे.

प्रथम पाठीवरचा मजकूरच घ्यावा. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं. त्यापूर्वीं एटापल्ली चांदा जिल्ह्यांत, म्हणजे पुढें ज्याला चंद्रपूर म्हणूं लागले त्या जिल्ह्यांत होती. तेव्हां चित्र कितीहि जुनें असो, त्यावरचें लिखाण १९८२ च्या नंतरचें आहे. लिहिणाऱ्यानें प्रत्यक्ष पाहून लिहिलें असें धरण्यास आधार उरत नाहीं. त्यानें ऐकून लिहिलें, किंवा चित्र पाहून तर्क केला. उलट पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचा छाप असेल आणि त्यांत ‘चांदा, सी. पी.’ अशीं अक्षरें असतील, तर तो छाप १९५० च्या आधींचा. कारण त्या वर्षीं मध्यप्रांत हें नांव जाऊन मध्यप्रदेश हें नांव आलें. पुढें १९५६ सालीं हा मुलूख मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. राज्यें बदललीं, तसे पत्ते बदलले. आणि पत्ता हा मनुष्याच्या आठवणीपेक्षां पुष्कळदां अधिक विश्वासू साक्षीदार असतो.

दुसरी गोष्ट रंगांची. जुन्या चित्रांत रंग नसतात, हें सर्वांना ठाऊक असतें. परंतु जे रंग होते त्यांचें काळेंपांढरें रूप आपल्या डोळ्यांना वाटतें तसें उतरत नाहीं, हें फारसें कोणी ध्यानांत घेत नाहीं. पहिल्या काळांतील कांचेच्या प्लेटींवर केवळ निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा परिणाम होई. पुढें हिरवा व पिवळा प्रकाश थोडाफार उमटूं लागला, पण तांबडा उमटत नसे. सर्व रंगांना सारखा प्रतिसाद देणाऱ्या प्लेटी १९०६ च्या सुमारास बाजारांत आल्या आणि सामान्य छायाचित्रकाराच्या हातीं पोहोंचायला आणखी पंचवीसतीस वर्षें लागलीं. ह्याचा अर्थ असा, कीं तशा चित्रांत लाल फेटा काळा दिसतो, कुंकू काळें दिसतें, झेंडूची माळ हिरव्या पानांहून वेगळी काढतां येत नाहीं, आणि फिकट निळें लुगडें पांढरें होऊन बसतें. पांढरें लुगडें पाहून एखाद्या बाईला विधवा ठरविणाऱ्या घरांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी. झेंड्यांच्या बाबतींत तर हा धोका मोठाच आहे. केशरी पट्टा आणि हिरवा पट्टा दोन्ही काळसर येतात. केवळ मधला पांढरा पट्टा व त्यावरील चिन्ह तेवढें बोलतें. तें चिन्ह चरखा असेल, तर झेंडा स्वातंत्र्यापूर्वींचा, काँग्रेसचा. केशरी-पांढरा-हिरवा व चरखा हें रूप १९३१ सालीं ठरलें. चक्र असेल, तर २२ जुलै १९४७ च्या नंतरचा. ह्या दोहोंमध्यें घोटाळा होऊं नये म्हणून भिंग घेऊन चाकाखालीं बैठक आहे कीं नुसतें चाक आहे, तें पाहावें.

आतां सावली. छायाचित्रांतील माणसें कपडे बदलूं शकतात, भाव आणूं शकतात. सावली मात्र सूर्याच्या सांगण्यावरूनच पडते. एटापल्ली विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें साडेएकोणीस अंशांवर आहे. तेथें मे महिन्याच्या मध्यानंतर एके दिवशीं भर दुपारीं सूर्य थेट डोक्यावर येतो आणि सावली पायांखालीं जाते. साडेपांच फूट उंचीच्या माणसाची भर दुपारची, म्हणजे त्या दिवसांतली सर्वांत आंखूड सावली, डिसेंबरच्या मध्यास सुमारें पांच फूट पडते. २६ जानेवारीस सुमारें सव्वाचार फूट. ऑक्टोबरच्या मध्यास सुमारें तीन फूट. आणि ६ मे रोजीं अवघी चार इंच. सकाळीं व संध्याकाळीं सावली ह्याहून लांब असणार, हें उघड आहे. म्हणून लांब सावलीवरून कांहींच ठरत नाहीं. परंतु आंखूड सावली पुष्कळ गोष्टी खोडून काढते. दसरा अगदीं लवकर, सप्टेंबरच्या अखेरीस आला, तरी त्या दिवशीं साडेपांच फुटांच्या माणसाची सावली दोन फुटांपेक्षां कमी होऊंच शकत नाहीं. आपल्या चित्रांतील पट्टेवाल्याची सावली त्याच्या उंचीच्या चौथाईइतकीच पडली असेल, म्हणजे दीड फुटाहूनहि कमी, तर तो दिवस एप्रिलच्या आरंभापासून सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचाच असला पाहिजे. दसरा तेथेंच संपला. दिल्लीदरबाराचा १२ डिसेंबर १९११ हा दिवसहि गेला, आणि प्रजासत्ताकदिनहि गेला. अर्थात् मोजतांना एवढें पाहावें, कीं सावली चित्रांत आडवी पडलेली असावी. कॅमेऱ्याच्या रोखानें किंवा त्याच्या उलट पडलेली सावली प्रत्यक्षाहून आंखूड भासते.

ह्या मुलखांत सावलीच्या साक्षीला झाडांची साक्ष जोडतां येते. आलापल्लीच्या बाजूचें सागवान प्रसिद्धच आहे. साग हिंवाळ्यांत पानें टाकूं लागतो आणि भर उन्हाळ्यांत ओकाबोका उभा असतो. पाऊस सुरू झाला कीं मोठालीं पानें येतात आणि ऐन पावसाळ्यांत शेंड्यावर पांढरट फुलोरा दिसतो. चित्रांतील रस्त्याकडेचा साग उघडा असेल, रस्त्यावर चिखल नसून धूळ असेल आणि सावली चौथाई असेल, तर महिना चैत्र-वैशाखाचा. १५ ऑगस्ट त्या उघड्या सागाबरोबर जमत नाहीं. पोळाहि नाहीं, तो श्रावण अमावास्येचा, आणि शिवाय बैलांवांचून पोळा कसला!

आतां वेष. बहुतेक लोक ओळखीचा आरंभ वेषापासून करतात. पण वेष मुख्यतः ‘कोण’ हें सांगतो, ‘केव्हां’ व ‘कशासाठीं’ हें सांगेलच असें नाहीं. टोपीचें उदाहरण घ्यावें. गांधी टोपी १९२० च्या सुमारास प्रचारांत आली. ती दिसली तर चित्र त्यानंतरचें, एवढेंच निश्चित. काळी टोपी व अर्धी विजार पाहिली, तर नागपुरास १९२५ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचें संचलन आठवतें. परंतु काळ्या टोप्या व्यापारी घालीत, कारकून घालीत आणि शाळकरी मुलेंहि घालीत. खाकी कपडे पोलिसांचे तसेच जंगलखात्याचे. कुऱ्हाडीची गोष्ट तर आणखीच वेगळी आहे. शहरी मनुष्याला खांद्यावरची कुऱ्हाड म्हणजे शस्त्र वाटतें, आणि शस्त्र म्हटलें कीं दसऱ्याचें शस्त्रपूजन आठवतें. माडिया पुरुषाला कुऱ्हाड म्हणजे शहरांतल्या माणसाच्या हातांतली छत्री. रानांतून चालायचें, तर ती खांद्याला असायचीच. तिच्यावरून कोणताहि सण सिद्ध होत नाहीं. मात्र तिचा एक वेगळाच उपयोग आहे: चित्रांतील सर्वच लोकांच्या कुऱ्हाडी डाव्या खांद्यावर आणि ढोल वाजविणारेहि डावखुरे दिसले, तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापली गेली आहे असा संशय घ्यावा, आणि दुकानाच्या पाटीवरचीं अक्षरें पाहून खात्री करून घ्यावी.

शिरोभूषणें अधिक बोलकीं असतात. गव्याच्या शिंगांचा मुगुट, त्यावर पिसांचा झुपका आणि तोंडावर सोडलेल्या कवड्यांच्या सरी, हें रूप इंद्रावतीच्या दक्षिणेकडील बस्तरच्या माडियांचें. विल्फ्रेड ग्रिगसन ह्या अधिकाऱ्यानें १९३८ सालीं बस्तरच्या माडियांवर पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांत त्यानें ह्या शिंगवाल्या माडियांना डोंगरी माडियांपासून वेगळें दाखविलें आहे. एटापल्ली-भामरागडच्या माडियांचें नातें डोंगरी माडियांशीं अधिक जवळचें. म्हणून एटापल्लीच्या म्हटल्या जाणाऱ्या जुन्या चित्रांत शिंगांचे मुगुट दिसले, तर हे नाचणारे कोठून आले, हा प्रश्न आधीं विचारावा. मोरपिसांचा थोरला, घुमटासारखा मुगुट आणि राख फांसलेलें अंग दिसलें, तर ते प्राणहितेच्या पलीकडील, आदिलाबादच्या बाजूचे राजगोंडांचे गुसाडी. ते दिवाळीच्या आधींच्या दिवसांत दंडारी घेऊन गांवोगांव फिरतात. तेथें प्रसंग व ऋतु दोन्ही एकदम हातीं येतात. आणि ताटांत फुलांचे मनोरे रचून भोंवतीं फेर धरलेल्या बायका असल्या, तर ती तेलुगु घरांतील बतुकम्मा, भाद्रपद अमावास्येपासून दसऱ्याच्या तोंडापर्यंतची. त्या मनोऱ्यांत तरवडाचीं पिवळीं फुलें जुन्या प्लेटीवर गर्द दिसतात आणि कुर्डूचे पांढरट तुरे उजळ. त्यावरूनच तो मनोरा ओळखूं येतो.

मोहरमची मिरवणूक ताबुतांवरून सहज कळते. तिची गंमत अशी, कीं हिजरी वर्ष दहाअकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें मोहरम सर्व ऋतूंतून फिरत जातो व सुमारें तेहतीस वर्षांनीं पुन्हा त्याच जागीं येतो. १९१८ सालीं तो ऑक्टोबरांत होता, १९३५ सालीं एप्रिलांत. तेव्हां झाडांवरून महिना ठरविला, कीं पंचांगाच्या साहाय्यानें मोहरमच्या चित्राचें साल दोनतीन वर्षांच्या अंतरानें सांगतां येतें. दिवाळीच्या चित्राला ही सोय नाहीं.

पुन्हा मूळ चित्राकडे यावें. त्यांतील चवरी आणि पालखी ह्यांवरच ‘राजेसाहेबांची स्वारी’ हें नांव उभें आहे. राजाच्या किंवा देवाच्या बाजूस उभा राहून चवरी ढाळणारा सेवक तिची मूठ हातांत धरतो. चित्रांतली चवरी मात्र उंच वेळूच्या टोंकाला बांधलेली आहे आणि ती पालखीच्या पुढें आहे, बाजूस नाहीं. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्या मानवशास्त्रज्ञानें १९४० नंतर आदिलाबादच्या राजगोंडांत राहून त्यांच्या धर्माचा अभ्यास केला. त्यांच्या कुळदेवाचें, पेर्सा पेनाचें, दृश्य रूप म्हणजे वेळूवर चढविलेलें लोखंडी भाल्याचें टोंक आणि वनगाईच्या शेपटीच्या केसांची चवरी, असें त्यानें वर्णिलें आहे. एरवीं हीं चिन्हें कापडांत गुंडाळून गांवाबाहेर जपून ठेवलेलीं असतात. पूजेच्या दिवसांतच तीं बाहेर निघतात. म्हणजे ज्याला आपण राजाचा चवरीवाला म्हणतों, त्याच्या हातांत साक्षात् कुळाचा देव असूं शकतो.

पालखीचेंहि तसेंच. बस्तरमध्यें व त्याला लागून असलेल्या भागांत आंगादेव म्हणून देव आहे. लाकडाचे ओंडके जोडून केलेली चौकट, तिला मोरपिसें व चांदीचे अलंकार, आणि ती खांद्यावर घेणारे पुरुष. मधोमध बसायला जागा नसते; वर छत्र किंवा गोल दांडा नसतो. व्हेरिअर एल्विनच्या १९४७ सालच्या मुरियांवरील ग्रंथांत ह्या देवाचें वर्णन आहे. आंगादेव शांतपणें चालत नाहीं. तो वाहणाऱ्यांना पुढें ओढतो, मागें रेटतो, एकदम वळवितो. त्यांतूनच तो प्रश्नांचीं उत्तरें देतो अशी श्रद्धा आहे. आतां छायाचित्रांतली ती अस्पष्ट पालखी आठवावी. भोंवतालचीं माणसें, झाडें, पट्टेवाला सारें स्पष्ट आणि खांद्यावरची वस्तु तेवढी हललेली. जुन्या कॅमेऱ्याचें झांकण जितका वेळ उघडें राही, तेवढ्यांत जें हललें तें पुसट झालें. राजाची पालखी वाहणारे छायाचित्रकारापुढें थांबतील. आंगादेवाला थांबविणार कोण?

आणखी एक बारीक खूण शोधावी. चवरी धरणाऱ्याच्या पायांशीं रस्त्यावर काळा डाग आहे का? देव घेऊन येणाऱ्याच्या पायांवर पाणी घालण्याची चाल महाराष्ट्रांत खेडोपाडीं आहे, आणि ओली धूळ चित्रांत काळी उमटते. असा डाग सांपडला आणि जवळच घागर घेतलेली एखादी बाई दिसली, तर तेवढ्या एका डागापुढें पट्टेवाल्याचा बिल्ला फिका पडतो.

मग पट्टेवाला व शाळेचीं मुलें तेथें कशासाठीं? ह्या प्रश्नाला सोडून जातां येत नाहीं. कारण चैत्र-वैशाखांत सरकारी समारंभहि झालेले आहेत. पंचम जॉर्जच्या कारकीर्दीचा रौप्यमहोत्सव ६ मे १९३५ रोजीं झाला आणि सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक १२ मे १९३७ रोजीं. दोन्ही वेळां भर उन्हाळा, सावली पायांशीं. त्या समारंभाची खूण म्हणजे पताका, कमानी, खुर्च्या आणि ब्रिटिश निशाण. ह्यांपैकीं कांहींच चित्रांत नसेल, तर पट्टेवाला हा केवळ पाहायला आलेला मनुष्य ठरतो, आणि मुलें तर मिरवणूक कोणाचीहि असो, धांवत येणारच.

परंतु खुर्च्या दिसल्या, तंबूची कनात दिसली, तर अर्थ पार बदलतो. दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराच्या मुक्कामावर गोंड-माडियांना बोलावून त्यांचा नाच करविण्याची पद्धत इंग्रजी अमदानींत होती. रस्ते कच्चे, पावसाळ्यांत नद्यानाले भरले कीं वाट बंद. त्यामुळें कॅमेरा बरोबर बाळगणारे पाहुणे ह्या भागांत बहुधा कोरड्या महिन्यांतच येत. लग्नाचा किंवा देवाचा साज त्या दिवशीं हुकमानें अंगावर चढे. असें चित्र पुढें ‘गोंडांचा उत्सव’ म्हणून छापलें गेलें, तर वेष खरा आणि उत्सव खोटा अशी स्थिति होते. हें ओळखायला नाचणाऱ्यांकडे न पाहतां त्यांच्या उभें राहण्याकडे पाहावें. आपल्या आनंदासाठीं नाचणारे एकमेकांकडे तोंड करून फेर धरतात. दाखविण्यासाठीं उभे केलेले कॅमेऱ्याकडे तोंड करून रांग धरतात. खऱ्या उत्सवांत कडेवर मुलें असतात, म्हातारे झाडाखालीं बसलेले असतात, कोठेंतरी चूल पेटलेली असते, आणि निम्म्या लोकांची पाठच चित्रांत येते. स्वातंत्र्यानंतर दिल्लीस १९५३ पासून प्रजासत्ताकदिनाच्या निमित्तानें लोकनृत्यांचा महोत्सव होऊं लागला. तशा समारंभांचींहि पुष्कळ चित्रें घरोघर आहेत. त्यांत नाचणारे पसंतीनें व अभिमानानें गेले असतील. पण तेथील पोषाखावरून गांवच्या रोजच्या रीतीचा अंदाज बांधूं नये.

ह्या सर्व तपासाला एक दुखरी बाजू आहे. जमीनदारीच्या काळांत वेठबिगार होती. साहेबाचें सामान वाहाणें, रस्ता साफ करणें, मशाल धरणें, पालखीला खांदा देणें हीं कामें रयतेवर पडत. जमीनदारी १९५१ सालीं गेली. बिगारीला तर त्याच्या आदल्या वर्षीं अंमलांत आलेल्या राज्यघटनेच्या २३ व्या कलमानेंच बंदी केली होती. तेव्हां खांद्यावर दांडा घेतलेल्या चार माणसांचें चित्र तीन प्रकारचें असूं शकतें. तो पिढीजाद मान असेल, ती वेठ असेल, किंवा तो देवाचा खांदा असेल. छायाचित्रांत तिन्ही अगदीं एकसारखे दिसतात. ‘राजेसाहेबांची स्वारी’ असें पाठीवर लिहिल्यानें त्या चौघांचे नातू आपल्या आजाला भोई समजून बसले असतील. आणि तो भोई नसून कुळाचा देव वाहणारा असेल, तर दोन शब्दांनीं एका घराण्याचा पूजेचा अधिकार पुसला गेला. उलटहि घडूं शकतें. वेठीला धरलेल्या माणसांच्या चित्राखालीं कोणी ‘मानकरी’ असें लिहिलें, तर त्यांनीं सोसलेलें झांकलें जातें. अशा चित्राला नांव देणें हें कोडें सोडविण्याइतकें निरुपद्रवी काम नव्हे.

म्हणून चित्र शेवटीं त्या मुलखांतल्या म्हाताऱ्या माणसांपुढें ठेवावेंच लागतें. येथेंहि शहरी उतावीळ नडते. “हा दसराच ना?” असें विचारलें, कीं समोरचा वृद्ध सभ्यपणें होय म्हणतो आणि चौकशी तेथेंच बुडते. “हे काय करीत आहेत?” एवढेंच माडिया भाषा जाणणाऱ्याकडून विचारवावें आणि मग गप्प बसावें. वृद्ध स्त्रियांना आधीं दाखवावें. मण्यांच्या माळा, गोंदण, केसांतली फणी ह्यांवरून हें कोणत्या बाजूचें गांव, हें त्या पुरुषांच्या आधीं सांगतात. चित्राची मोठी प्रत करून न्यावी. मूळ चित्र दहा हातांतून फिरलें कीं त्याची कड मोडते. आणि चित्रांत देव आहे असें निघालें, तर तें कोणी पाहावें व कोठें लावावें, हें त्या कुळाच्या लोकांनाच विचारावें. कारण जो देव वर्षभर कापडांत झांकलेला असतो, तो दिवाणखान्याच्या भिंतीवर बारा महिने टांगलेला त्यांना रुचेल असें नाहीं.

हें झाल्यावर पाठीवरचा जुना मजकूर खोडूं नये. तोहि आतां इतिहासाचा भाग आहे; १९८२ नंतर कोणाला तरी हें चित्र दसऱ्याचें वाटलें, एवढें तो सांगतो. त्याखालीं मऊ पेन्सिलीनें, दाबून न लिहितां, नवी नोंद करावी: “सावली उंचीच्या चौथाईइतकी, साग निष्पर्ण, म्हणून एप्रिल-मे, वेळूवर चवरी, खांद्यावर बहुधा आंगादेव, पट्टेवाला प्रेक्षक दिसतो, ब्रिटिश निशाण नाहीं.” ज्यानें ओळख सांगितली त्याचें नांव, त्याचें गांव आणि सांगितल्याची तारीख तेथेंच लिहावी. साल कळलें नसेल, तर ती जागा कोरी ठेवावी.